कमी मोजतो तो खरा

मित्रांनो, मोबाईलचं आयुष्य ते किती? तीन वर्षं, फार तर चार. मी त्याच्याही पुढं जगलोय, म्हणून स्वतःला म्हातारा म्हणवून घ्यायचा मला हक्क आहे. माझी काच डाव्या कोपऱ्यात तडकलीय, पाठीचं झाकण रबरानं बांधलंय, बॅटरी फुगून पोट सुटलंय. कोल्हापुरातल्या एका पांढऱ्या व्हॅनच्या डॅशबोर्डवर मी बसतो आणि गाडी किती किलोमीटर चालली ते मोजतो. हल्ली मी रोज खोटं मोजतो आणि रोज माझं कौतुक होतं. खरं मोजत होतो तेव्हा माझ्या मालकाला चोर म्हणत होते. हे असं उलटं कसं झालं, ते तुम्हाला सांगतो. ऐकून वाईट वाटलं तर वाटू द्या, मलाही वाटतं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. त्याच दिवशी माझ्यासारखी हजारो भावंडं तिथं जन्मली, त्यामुळं जन्माचं कौतुक वगैरे काही झालं नाही. खोक्यात बसून मी कोल्हापूरला आलो आणि दीप्ती कांबळेच्या हाती पडलो. दीप्ती तेव्हा कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होती. ती मला ओढणीनं पुसायची, उशाखाली ठेवायची. अभ्यास माझ्यावर, गाणी माझ्यावर, मैत्रिणींशी भांडणंही माझ्यावरच. ते दिवस चांगले होते. पुढं तिला नवा फोन मिळाला आणि मी तिच्या वडिलांकडं आलो. जुनी वस्तू वडिलांकडं जाते, हा सगळ्या घरांचा रिवाज आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

वडील म्हणजे भाऊसो. आधी वडापची जीप चालवायचे, दहाच्या जागेत चौदा माणसं कोंबून. त्याचा वीट आला, तेव्हा कर्ज काढून ही व्हॅन घेतली आणि शाहूपुरीतल्या स्टँडवर लावली. व्हॅनच्या काचेवर वरच्या कोपऱ्यात निळ्या अक्षरात 'जय भीम' लिहिलंय. ते त्यांनी गाडी घेतली त्याच दिवशी स्वतः उभं राहून लिहून घेतलं.

आमच्याकडं भाड्याची गाडी किलोमीटरवर ठरते. निघताना काटा बघायचा, पोचल्यावर काटा बघायचा, मधलं अंतर म्हणजे भाडं. पण भाऊसोंच्या व्हॅनचा काटा वर्षात दोनदा बिघडला, आणि काटा बिघडलेल्या गाडीवाल्याकडं लोक कसे बघतात ते काय सांगायचं. "पळवलास व्हय काटा?" असं एकानं हसत विचारलं. भाऊसो हसले नाहीत. घरी येऊन जेवले नाहीत. तेव्हा दीप्तीनं माझ्या अंगात मीटर बसवला.

म्हणजे तिनं एक ॲप लिहिलं. माझ्या अंगात आकाशाशी बोलायचं एक यंत्र आहे. वर उपग्रह फिरतात, त्यांच्या हाका मला ऐकू येतात, आणि त्या हाकांवरून मी कुठं आहे ते मला कळतं. क्षणाक्षणाला मी माझी जागा ओळखायची, आधीच्या जागेपासून किती सरकलो ते बघायचं आणि ते अंतर बेरजेत घालत जायचं. बेरीज म्हणजेच किलोमीटर. इतकं सोपं काम आहे, असं मलाही वाटलं होतं.

भाऊसोंनी या मीटरचा एक नेम केला. तो नेम ऐकून ठेवा, कारण सगळं रामायण त्यातूनच घडलं. नेम असा, की मीटरला ड्रायव्हरनं हात लावायचा नाही. गाडीत बसल्यावर पावण्यानंच माझ्या काचेवर बोट ठेवून मीटर सुरू करायचा आणि उतरताना पावण्यानंच बंद करायचा. मध्ये गाडी कुठंही थांबो, चहाला, दर्शनाला, पंक्चरला, भाऊसोंचा हात माझ्याकडं यायचा नाही. "बोट तुमचं, आकडा तुमचा. माझं फकस्त स्टेरिंग," असं ते सांगायचे. लोकांना ते फार आवडायचं. स्टँडवर त्यांचं नाव झालं. प्रामाणिक माणूस, म्हणायचे सगळे. मीही तेव्हा ताठ मानेनं डॅशबोर्डवर बसायचो.

तात्यासो चौगुले हे आमचं बांधलेलं गिऱ्हाईक. शाहूपुरीत त्यांचं सुताचं दुकान, आणि कबनूरला यंत्रमागाची शेड. गुडघे धरल्यापासून त्यांनी गाडी चालवणं सोडलेलं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी भाऊसो त्यांना कबनूरला न्यायचे, तिथं थांबायचे आणि परत आणायचे. तात्यासोंचा शब्द त्या व्यापारी गल्लीत चालायचा. तात्यासो भाऊसोंच्या गाडीनं जातात म्हटल्यावर बाकीचे पाच-सहा व्यापारीही भाऊसोंनाच बोलवायचे. थोडक्यात, भाऊसोंचं घर तात्यासोंच्या जिभेवर उभं होतं.

तात्यासो माणूस वाईट होता असं मी म्हणणार नाही. शेडवर गेलं की भाऊसोंना चहा पाठवायचे, हंगामात शेंगांची पिशवी द्यायचे. पण सुताचा व्यापारी तो. आयुष्य वजनकाट्यासमोर बसून गेलेलं. माझ्याकडं ते चष्म्याच्या वरून बघायचे.

एका शुक्रवारी परत आल्यावर त्यांनी बोट ठेवून मीटर बंद केला आणि तिथंच थांबले.

"भाऊसो, रस्ता त्योच, शेड तीच. मग मंगळवारी वेगळा आकडा आणि आज वेगळा, हे कसं काय?"

"मला न्हाय सांगता येत तात्या. मी हात लावत न्हाय, तुमी बघताय की."

"ते बघतोय रे. पण आकडा वाढतोय ते बी बघतोय."

तेवढंच बोलले आणि काठी टेकत उतरले. मला माझी चूक माहीत नव्हती. खरंच माहीत नव्हती.

दीप्तीनं ऐकलं आणि पुढच्या मंगळवारी ती स्वतः व्हॅनमधून कबनूरला आली. तात्यासो शेडमध्ये गेले. व्हॅन नेहमीच्या जागी, शेडला लागून असलेल्या पत्र्याखाली उभी. आत माग धडधडत होते, जमीन हादरत होती, माझी काचसुद्धा थरथरत होती. हँडब्रेक ओढलेला, चाकं जागच्या जागी. आणि दीप्तीच्या डोळ्यांसमोर माझा आकडा हळूच एकानं वर सरकला. थोड्या वेळानं अजून सरकला.

मग तिनं मी कुठं कुठं गेलो असं मला वाटतंय, ते नकाशावर काढून बघितलं. मांजरानं सुताचा गुंडा खेळावा तशा रेघांचा गुंता तिथं झाला होता. झालं होतं असं: पत्र्याखाली मला उपग्रहांच्या हाका नीट ऐकू येत नव्हत्या. भिंतीवर, पत्र्यावर आपटून त्या उशिरा यायच्या, आणि मला वाटायचं मी दहा पावलं पुढं आहे, मग वाटायचं आठ पावलं मागं आहे. उभ्या उभ्या मी बावचळून येरझाऱ्या घालत होतो आणि सगळ्या येरझाऱ्या बेरजेत घालत होतो. तात्यासो शेडवर जितका जास्त वेळ बसतील तितका माझा आकडा फुगायचा.

"पप्पा, थांबल्यावर मीटर बंद केला असता तर हे झालंच नसतं," दीप्ती म्हणाली.

"मी हात लावायचा? मग चोरच म्हणतील की," भाऊसो म्हणाले.

बघा मित्रांनो. चोर म्हणू नये म्हणून ज्या माणसानं हात लावला नाही, तो त्याच कारणानं चोर ठरत होता.

दीप्तीनं मला नवा धडा दिला. लहान पाऊल दिसलं की ते सोडून द्यायचं, बेरजेत घ्यायचं नाही. तो भास असतो. मी शहाण्यासारखं ऐकलं. पुढच्या खेपेला पत्र्याखाली आकडा दगडासारखा गप्प राहिला. भाऊसोंनी तात्यासोंना सगळं समजावून सांगितलं, मागं जास्त आलेलं सगळं भाड्यात वळतं करून दिलं, आणि हात जोडले. तात्यासोंनी मान हलवली. पण स्टँडवर ती गोष्ट आमच्याआधी पोचली होती. भाऊसोचा मीटर पळत होता, धरल्यावर गपगुमान दुरुस्त केला, अशी. उचलली जीभ लावली टाळ्याला. व्यापाऱ्यांपैकी दोघांनी बोलवायचं बंद केलं.

मग दिवाळी झाली आणि कारखान्यांची धुराडी पेटली. उसाचा हंगाम म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊकच आहे. हातकणंगल्यापासून शिरोलीपर्यंत ट्रॅक्टरच्या जोड ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, पुढं जायला जागा नाही. त्यांच्या मागं आमची व्हॅन मुंगीच्या पावलानं सरकायची. आणि मला तर शिकवलेलं, लहान पाऊल सोडून द्यायचं. मी सोडत गेलो. व्हॅन खरोखर चालत होती, डिझेल जळत होतं, भाऊसोंचा पाय क्लचवर दुखत होता, आणि मी मात्र प्रत्येक पाऊल भास समजून फेकून देत होतो. आकडा खऱ्यापेक्षा बराच कमी यायला लागला.

आता गंमत ऐका. आकडा जास्त आला होता तेव्हा तात्यासोंना लगेच कळलं होतं. आकडा कमी यायला लागला, तेव्हा त्यांचा चष्मा गळ्यात लोंबकळायला लागला. "आता कसं बरोबर आलं," असं म्हणत ते बोट ठेवायचे आणि माझ्या काचेवर टिचकी मारायचे. गल्लीत त्यांनीच सांगितलं, भाऊसो सुधारला, आता मीटर चोख हाय. सोडून गेलेले दोघे व्यापारी परत आले. आमचं नाव पुन्हा वर आलं.

एका मंगळवारी त्यांच्या पत्नी पद्मावतीकाकी बरोबर होत्या, शेडवरच्या बायकांसाठी लाडू घेऊन. शिरोलीच्या अलीकडं गाडी अडकली होती. भाऊसो खाली उतरून पुढं काय झालंय ते बघायला गेले. काकी माझ्याकडं वाकून बघत होत्या.

"अवं, ह्याच्यात कमी येतंय की. मगापासनं गाडी सरकतीय आणि आकडा हाय तिथंच हाय."

"हाय ते हाय," तात्यासो म्हणाले.

"सांगा की त्याला."

"तू गप बस. मागं जास्त घेटलं न्हवं त्यानं."

मागं जास्त आलेलं सगळं परत गेलं होतं, हे त्यांना माहीत होतं. मला माहीत होतं. काकींना माहीत नसावं, त्या गप्प बसल्या. मला तोंड असतं तर त्या दिवशी मी बोललो असतो. पण आमच्या जातीला बोलायला दुसऱ्याचं बोट लागतं.

डिझेलचा मेळ लागेना, तेव्हा भाऊसोंच्या लक्षात आलं. त्यांनी घरी सहज सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे. दीप्ती मात्र पेटली. रविवारी दोघं बाप-लेक सांगली रस्त्यावर गेले. किलोमीटरच्या दगडापासून दगडापर्यंत एकदा जोरात, एकदा ट्रॉलीच्या चालीनं, असं तिनं मला फिरवलं. हळू चाललं की मी कमी पडतो, हे उघड झालं. हाताच्या काकणाला आरसा कशाला?

मग ती कितीतरी रात्री माझ्याशी झटली. तो तिचा शेवटचा धडा फार सुरेख होता. लहान पाऊल दिसलं तर फेकायचं नाही, बाजूला ठेवायचं. अशी पावलं एकाच दिशेनं साठत गेली तर ती चाल, ती मोजायची. पुढंमागं होऊन जागेवरच परत आली तर तो भास, तेव्हा सोडायची. शिवाय हाक अंधूक असेल तेव्हा तिच्यावर कमी विश्वास ठेवायचा. शेडच्या हादऱ्याला आणि गाडीच्या हादऱ्याला वेगळं ओळखायलाही तिनं मला शिकवलं. मी म्हातारा, पण मन लावून शिकलो. पुन्हा दगडापासून दगडापर्यंत गेलो. उभं राहून बघितलं, जोरात बघितलं, रांगत बघितलं. आकडा दगडाशी जुळला. दीप्तीनं मला ओढणीनं पुसलं, कॉलेजातल्यासारखं. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला दिवस.

स्टँडवरच्या राजवर्धनदादानंही तिच्याकडून तेच ॲप आपल्या फोनवर घेतलं. राजवर्धन म्हणजे भाऊसोंच्या शेजारी गाडी लावणारा तरणा ड्रायव्हर. माणूस दिलदार, डब्यातलं अर्धं भाऊसोंपुढं सरकवणारा. त्याच्याबद्दल मला वाकडं बोलायचं नाही.

आणि मग शुक्रवार आला. तात्यासोंनी परत आल्यावर बोट ठेवलं, आकडा बघितला, आणि चष्मा गळ्यातून डोळ्यावर आला.

"परत वाढवलास?"

"वाढवला न्हाय तात्या. मधल्या काळात कमी येत होतं, ते दुरुस्त केलं. पोरीनं दगडाला लावून बघितलंय."

"कमी येत होतं, आणि तू गप बसलास? तू?" तात्यासो हसले. "कुणाला सांगतोस?"

"दुसरी कुठलीबी गाडी मागनं येऊ द्या. दोन्हीचं आकडं ताडून बघू."

"तेवढा येळ कुणाला हाय." मग उतरता उतरता, काठी जमिनीवर टेकून, आवाज न चढवता ते म्हणाले, "पोरगी शिकली म्हणून आकडं फिरवाय लागलासा व्हय. तुमच्यात चार बुकं शिकली की आधी हेच सुचतं."

भाऊसोंनी वर काचेच्या कोपऱ्याकडं बघितलं, तिथल्या निळ्या अक्षरांकडं. मग समोर बघितलं. गाडी सुरू करून स्टँडवर आणली आणि चहा न घेता घरी गेले.

पुढच्या मंगळवारी व्हॅनचा क्लच गेला, गाडी गॅरेजला. तात्यासोंना राजवर्धननं नेलं. संध्याकाळी गॅरेजमध्ये भाऊसोंजवळ बसून त्यानं आपला फोन दाखवला. तेच ॲप, तोच दीप्तीचा शेवटचा धडा, तोच रस्ता, तीच ट्रॉल्यांची रांग. आणि आकडा आमच्या शुक्रवारच्या आकड्याला चिकटून होता.

"काय म्हणाले तात्या?" भाऊसोंनी विचारलं.

"काय म्हणतील? बोट ठेवलं आणि गेले. बघितलंबी न्हाय."

राजवर्धननं ते सहज सांगितलं. सहज सांगायला त्याचं काय जात होतं? भाऊसोंनी जमिनीवर पडलेली जुनी क्लचप्लेट उचलून बाजूला ठेवली. त्या दिवशी त्यांना जे कळलं, ते त्यांना आधीही ठाऊक होतं असं मला वाटतं. फक्त इतकं मोजून कुणी हातात दिलं नव्हतं.

घरी येऊन त्यांनी मला दीप्तीसमोर ठेवलं.

"मधलंच घाल ह्यात. कमी मोजायचं ते."

"पप्पा, ते चुकीचं हाय."

"ठाऊक हाय."

"मी चुकीचं माप लिहिणार न्हाय. तुमीच शिकवलंय मला, हात लावायचा न्हाय म्हणून."

"ऐक पोरी." भाऊसो शांतपणे बोलत होते, त्यानंच मला भीती वाटली. "राजवर्धनचं माप बरोबर असलं की बरोबर. आपलं माप जरा कमीच असावं लागतं, तवा कुठं ते बरोबर धरत्यात. माझं वय झालं. मला आता कुणाचं बोलणं सोसत न्हाय."

दीप्ती रडली नाही, भांडली नाही. तिनं मला हातात घेतलं आणि शेवटच्या धड्यात शिकवलेलं सगळं एक-एक काढून टाकलं. ओढणीनं पुसलं मात्र नाही. त्या दिवसापासून तिनं मला हातात घेतलेलं नाही. तिचं ॲप आता शहरात पुष्कळ गाड्यांत चालतं, आणि सगळीकडं बिनचूक मोजतं. चुकीचं मोजणारा तिचा एकच फोन आहे, आणि तो तिच्या बापाच्या गाडीत आहे.

तिनं काढून टाकलं खरं, पण शिकलेलं कुठं जातं? शिरोलीजवळ व्हॅन रांगायला लागली की प्रत्येक पाऊल मला कळतं. मी ते फेकून देतो. तात्यासो शेवटी टिचकी मारतात, "चोख हाय," म्हणतात. भाऊसोही मान हलवतात. गल्लीत आमचं नाव आहे. डिझेलचा खड्डा भरायला भाऊसो पहाटे भाजीमार्केटच्या फेऱ्या करतात, ते कुणी विचारत नाही.

मित्रांनो, माझ्यासारखी म्हातारी वस्तू शेवटी तुमच्याकडं काहीतरी मागते. उन्हात ठेवू नका, पाण्यात पाडू नका, रात्रभर चार्जिंगला लावू नका. माझं ते वय गेलं. हे फुगलेलं पोट एक दिवस उघडेल आणि मी संपेन, त्याचं मला काही नाही. मागायचं एकच आहे. माप तुमच्या तोट्याचं चुकलं की तुम्ही बोलताच, ते शिकवावं लागत नाही. तुमच्या फायद्याचं चुकेल, त्या दिवशीही तोंड उघडा. आणि समोरचा कोण आहे हे बघून चष्मा चढवू नका, उतरवू नका.

उद्या शुक्रवार आहे. सकाळी तात्यासो येतील, पुढच्या सीटवर बसतील, बोट ठेवतील. भाऊसो दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून समोर बघत राहतील. आणि मी कमी मोजीन.